पट्टा सोडा, गुरुजी

भानुदास मिस्त्री गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली. आमच्या गावाकडच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्याखाली अकरा जणांनी अंगठा वर केलेला. माणूस मेला, त्याला अंगठा! वाचता येत नसेल तर निदान फोटोला घातलेला हार तरी दिसावा की नाही? मी त्या वेळी न्हाव्याकडे बसलो होतो, अर्धी दाढी झालेली. न्हाव्यानंही माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, हे तुमचे साडूच न्हाईत का?" मी "व्हय" म्हणालो आणि उरलेली दाढी करून घेतली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. साडू गेल्याचं कळल्यावरही मी उरलेली दाढी करून घेतली, वर कानावरचे केससुद्धा कातरून घेतले.

साडू म्हणजे माझी बायको सुमन आणि त्याची बायको विमल या सख्ख्या बहिणी. माहेर डोंगरकडा. थोरली मला दिली, कारण मी शिरड शहापूरच्या शाळेत मराठीचा शिक्षक, पगारदार. धाकटी भानुदासला दिली, कारण तोवर सासऱ्यांचे पाय चालून चालून दुखायला लागले होते, असं मीच गमतीनं म्हणायचो. आज ते वाक्य लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ते फार आवडायचं. जवळा बाजार या गावात, बसथांब्याच्या पुढं, त्याचं गाड्या दुरुस्तीचं टिनाचं शेड. पाटी नाही, बोर्ड नाही. सातवी नापास. मी त्याला तोंडावर 'भानुदासराव' म्हणायचो आणि पाठीमागे 'आमचे ऑइलवाले'.

अंत्यविधीला मी गेलो आणि मागं उभा राहिलो. आमच्याकडे सरणाला अग्नी द्यायच्या आधी भाषणं होतात. एक पुढारी उठले, त्यांनी "आपले लाडके भास्करराव" अशी सुरुवात केली. बाजूच्यानं कोपर मारलं तेव्हा "भानुदासराव" केलं आणि पुढं "एक उमदं नेतृत्व आपण गमावलं" म्हणाले. कशाचं नेतृत्व? पान्ह्यांचं? दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर पुढाऱ्यांचे सात चेहरे टमाट्यासारखे लालबुंद आणि कोपऱ्यात भानुदास, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तो जिवंत असता तर त्यानं त्या फ्लेक्सचा तुकडा कापून इंजिनखाली अंथरला असता. तेरवीला विमल मला म्हणाली, "दाजी, तुमी पेपरात लिहिता. यांच्यावर लिहा. पण चांगलं लिहू नका. त्यांना चांगलं म्हणलेलं खपायचं न्हाई. सोड्याचं बी लिहा." म्हणून हा लेख. सोड्याचं आख्ख्या तालुक्यानं सांगून झालंय, फक्त मी कधी सांगितलं नव्हतं.

आधी त्याचं काम सांगतो, म्हणजे माझी चूक कळेल. बोनेटखालून चिमण्या भांडल्यासारखा चिंव चिंव आवाज यायला लागला की माणसं त्याच्याकडे यायची, पण घरचे सगळे उपाय उरकून यायची. कुणी पट्ट्याला साबण घासलेला, कुणी ग्रीस फासलेलं, कुणी खोबरेल चोळलेलं. भानुदास बोनेट उघडायचा, वास घ्यायचा आणि कपाळाला हात लावायचा. "तेल काहून लावलं? लगीन काढलं का पट्ट्याचं? मंग हळद बी लावायची व्हती." एकानं गाडीला दृष्ट लागली म्हणून पुढं काळी बाहुली आणि दोन डझन मिरच्या टांगल्या होत्या. त्याला म्हणाला, "मिरच्या आन इकडं, ठेचा करू. बाहुलीला विचार आवाज कुठून येऊन राहिला." गिऱ्हाईक चिडायचं, पण जायचं नाही, कारण परभणीपर्यंत दुसरं कुणी त्या आवाजाचं मूळ एवढ्या लवकर सांगत नव्हतं.

त्याची रीत साधी होती. चालत्या इंजिनच्या पट्ट्यावर बाटलीनं जरासं पाणी शिंपडायचं. आवाज थोडा वेळ बंद होऊन परत आला, तर पट्टा झिजलाय किंवा तो ज्या चाकांवर फिरतो त्या पुल्या एका ओळीत नाहीत. आवाज वाढला, तर पट्टा ढिला आहे. काहीच फरक पडला नाही, तर पट्ट्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, पुलीच्या आतलं बेअरिंग गेलं. मग इंजिन बंद करून पट्टा उतरवायचा, नुसतं इंजिन मिनिटभर चालवून बघायचं, परत बंद करायचं आणि एकेक पुली बोटानं फिरवायची. माझ्यासारख्याला वाटतं, गरगर फिरते ती पुली चांगली. उलटं आहे. आतलं ग्रीस वाळलं की पुली हलकी होते आणि फिरतच राहते. चांगली पुली जड फिरते आणि लवकर थांबते. एकदा एका आमदारकीच्या इच्छुकाची गाडी आली होती. भानुदासनं त्याच्यासमोर पुली फिरवून दाखवली. "बघा साहेब, लई फिरते. आतून कोरडी हाय." साहेबांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी हसू दाबलं. त्याच्या तोंडून काही हुशारीचं निघालं की ते मला आवडायचं नाही.

आता सोडा. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या जुन्या डिझेल जीपला तो चिमण्यांचा आवाज लागला होता. त्या दिवशी मला औंढ्याजवळच्या एका शाळेत प्रमुख पाहुणा म्हणून जायचं होतं, विषय 'शुद्ध भाषेचे महत्त्व'. जोधपुरी कोट घालून मी निघालो आणि गाडी अशी किंचाळायला लागली की शिरडची कुत्री मागं लागली. नाइलाजानं भानुदासला फोन लावला. तो डोंगरकड्याला कुणाच्या ट्रॅक्टरखाली झोपलेला. फोनला रेंज अर्धी येत होती, अर्धी जात होती. तो म्हणाला होता, "गुरुजी, आधी पट्टा सोडा. मंग इंजिन चालू करा, एकच मिनिट. आवाज गेला तर..." आणि फोन कटला. मला ऐकू आलं ते असं: "पट्ट्याला सोडा. मंग इंजिन चालू करा." मी म्हटलं, वा. अडाणी लोक साबण लावतात, मिस्त्री सोडा लावतो, यालाच म्हणायचं ज्ञान.

मी किराणा दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, खायचा का धुवायचा?" आता हे भानुदासनं सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "दोन्ही द्या." दोन्ही पाण्यात कालवून, रुमालानं, पट्ट्याला आतून-बाहेरून लावला. शिक्षक माणूस, काम नीटनेटकं. मग बोनेट उघडंच ठेवून इंजिन चालू केलं आणि बघायला वाकलो. तोंडावर, चष्म्यावर, जोधपुरी कोटावर पांढरे फवारे! आवाज तिप्पट झाला. तशाच गाडीनं, तशाच कोटानं मी शाळेत पोचलो. तिथल्या मुख्याध्यापकांनी हार घालता घालता हळूच विचारलं, "घरी चुना मारायला काढलाय का, गुरुजी?" त्या अवस्थेत मी पाऊण तास शुद्ध भाषेचं महत्त्व सांगितलं.

दुपारून भानुदास आमच्याकडे आला. बोनेट उघडलं, पट्ट्यावरचं पांढरं नखानं खरवडलं, जिभेला लावून बघितलं. "गुरुजी, हे काय केलं?" मी म्हणालो, "तुमीच सांगितलं ना, पट्ट्याला सोडा." तो मटकन खाली बसला, जमिनीवर, आणि पोट धरून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी. मी म्हणालो, "तुमी नीट बोलला असतात तर ही वेळ आली नसती." त्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "मी तर नीटच बोललो. बैल सोडा, पाणी सोडा, तसा पट्टा सोडा. मराठी तुमी शिकिवता. आता तुमीच सांगा, सोडा हे नाम हाय का क्रियापद?"

तो प्रश्न मी तीस वर्षं मुलांना विचारत आलो होतो. आठ दिवसांत जवळा बाजारात माझं नाव 'सोडा गुरुजी' झालं. चहाच्या टपरीवर मी आलो की कुणीतरी म्हणायचं, "एक सोडा, दोन चहा." ज्यांना आयुष्यात कधी नाम आणि क्रियापद ओळखता आलं नाही, ज्यांना मी दया म्हणून पस्तीस मार्क देऊन वर ढकललं, ते मला व्याकरण विचारायला लागले.

त्याच सुमारास धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी एकदा येतो, जावयांचा मान. सासूबाईंनी दोन्ही जावयांना डोंगरकड्याला जेवायला बोलावलं. पाट, रांगोळी, अनारसे, पुरणाचे धोंडे, घरची-भावकीची पंचवीस माणसं. वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "भजे जरा कडकच झाले बाई." भानुदास शेजारच्या पाटावरून म्हणाला, "सोडा कमी पडला, मामी. गुरुजींनी सारा पट्ट्याला लावला." पंगत फुटली. म्हातारे खोकेपर्यंत हसले. आणि दारात उभी असलेली माझी बायको... सुमनसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मला बाकीच्यांचं काही वाटलं नाही, तिचं हसणं लागलं. मी ताटावरून उठलो.

धोंड्याच्या जेवणात जावई ताटावरून उठतो म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. सासूबाई भातवाढी हातात घेऊन माझ्या मागं अंगणात आल्या. त्यांच्यामागं भानुदास, खरकट्या हातानं. "गुरुजी, बसा हो. गंमत केली. चुकलं माझं, बसा." मी त्याच्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सातवी नापासाच्या पंगतीला मी बसत नसतो. तुझा हात यापुढं माझ्या गाडीला लागता कामा नये. आपल्या दोन्ही घरांचं येणं-जाणं आजपासून बंद." भानुदास रांजणाकडे गेला, हात धुतले आणि तोही परत पाटावर बसला नाही. त्याला तर काहीही बोलता आलं असतं. जीभ काय धारेची होती त्याची! पण गप्प राहिला, आणि मी ते माझं जिंकणं समजलो.

जीप मी हिंगोलीला एका गॅरेजमध्ये टाकली. तिसऱ्या दिवशी गाडी परत मिळाली तेव्हा इंजिन असं चालत होतं की चालू आहे का बंद, हात लावून बघावं. मी छाती फुगवून सगळीकडे सांगितलं, शिकलेल्या माणसाचं काम बघा. एवढ्यावर भागलं नाही. दर आठवडी बाजाराला मी जवळा बाजारात जायचो तेव्हा भानुदासच्या शेडसमोर गाडी हळू करायचो आणि ॲक्सिलेटर दाबून इंजिन रेस करायचो. ऐक म्हणावं. तुझ्यावाचून अडलं का? तो कुठल्यातरी गाडीत डोकं घालून बसलेला असायचा. मान वर करायचा नाही, नुसती एका बाजूला वाकडी करायचा आणि परत कामाला लागायचा. मला वाटायचं, जळाला. तीन वर्षं, एक बाजार न चुकवता, मी हे केलं. रिटायर्ड माणसाला उद्योग काय?

तेरवीला हिंगोलीचा तो गॅरेजवाला शकीलभाई आला होता. पत्रावळ बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन बसला. "गुरुजी, अब बोलने में हरकत न्हाई. उस्ताद गये. तुमची जीप माझ्याकडं व्हती ना, मी दोन पट्टे बदलले. आवाज जाईना. मंग उस्तादला फोन लावला, मी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मोटरसायकलवर आले. सगळ्या पुल्यांवर आडवी दोरी धरली. बोले, बीचवाली पुली एक वायसरभर आत बसलीय, आन् बेअरिंग कोरडं हाय. वायसर टाकली, बेअरिंग बदललं. पाऊण घंटा बी लागला न्हाई."

मी बुंदीचा घास पत्रावळीत परत ठेवला. मी विचारलं, "मला सांगायचं नाही का?" तो म्हणाला, "उस्तादनं कसम घातली. म्हणाले, माझा हात लागला कळलं तर गुरुजी पुली उपटून फेकतील. त्या गाडीत अक्का बसतात. कुठं रस्त्यात पट्टा तुटला तर त्यांना उन्हात बसायची तकलीफ." अक्का म्हणजे माझी बायको. मी पुन्हा विचारलं, "आणि माझ्याबद्दल?" शकीलभाई जरा घुटमळला. "जाऊ द्या ना, गुरुजी." मी म्हणालो, बोला. "म्हणाले, गुरुजी गेले खड्ड्यात." मग त्याला वाटलं आपण फार कडू बोललो, म्हणून त्यानं साखर पेरली, "पर याद बहुत करायचे. हसून सांगायचे, आमचे साडू दर बाजाराला गाडी माझ्यापुढं आणून रेस करून दाखवतात, मला बेअरिंग तपासायला शिरडला जावंच लागत न्हाई."

म्हणजे तो मान वाकडी करायचा ते जळून नव्हे. तो ऐकत होता. माझ्या बढाईतून स्वतःची पुली ऐकत होता, बराबर आहे म्हटल्यावर कामाला लागत होता. मी मात्र तीन वर्षं त्याचंच काम त्याला दाखवून त्याला खिजवत होतो. आयुष्यभर पोरांना 'मूर्ख' हा शब्द मी फार सढळ हातानं वाटला. स्वतःसाठी थोडा ठेवायला हवा होता.

घरी येताना जीपमध्ये मी सुमनला सगळं सांगितलं.  ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला ठाऊक हाय." मी म्हणालो, कधीपासून? "गाडी नीट झाली त्याच दिवसापासून. विमलनं फोन केला व्हता." मग कळलं की दोघी बहिणी रोज बोलत होत्या. बाजाराला मी शेतकी दुकानात बसायचो तेव्हा सुमन मागच्या गल्लीनं विमलकडे जायची, चहा पिऊन यायची. राखीला, दिवाळीला, सगळ्याला. भानुदास तिला रस्त्यापर्यंत सोडायला यायचा. माझी लेकरं पुण्याहून आली की आधी मावशीकडे उतरून मग घरी यायची. येणं-जाणं बंद, येणं-जाणं बंद म्हणून मी ज्या हुकमाचा तोरा मिरवत होतो, तो घरात कुणी एक दिवस पाळला नव्हता. पाळला फक्त दोघांनी. मी आणि त्यानं, तोही एकमेकांपुरता. मी सुमनला विचारलं, "मग मला काहून सांगितलं न्हाई?" ती म्हणाली, "भाऊजी म्हणायचे, गुरुजींना स्वतःहून उतरू द्या गाडीतून. त्यांनी ब्रेक मारला की मी चहा सांगतो." ... त्यानं वाट बघितली होती. शेडसमोरून दीडशे वेळा तरी गेलो असेन. ब्रेकवर पाय ठेवायला किती लागतं?

परवाच्या बाजाराला मी त्या शेडसमोर जीप थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. विमल आतली आवराआवर करत होती. "या दाजी," एवढंच म्हणाली, जसं काही मी गेल्या आठवड्यातही आलो होतो. मला जुन्या टायरवर बसवलं. चहा सांगितला. मी माफी मागायची म्हणून घरून वाक्यं जुळवून नेली होती, कर्ता-कर्म-क्रियापद सगळं जागच्या जागी. एकही आठवलं नाही. "विमल, माझं चुकलं गं..." म्हणालो आणि रडायला लागलो. तिनं रडू दिलं. ती काही माझी समजूत घालायला मोकळी नव्हती. चहा संपल्यावर तिनं फळीवरून एक छोटी डबी काढून माझ्या हातात दिली. "हे तुमचं. बेअरिंग हाय. गेल्या महिन्यात आणून ठेवलं व्हतं. म्हणाले, आवाज जरा जड येऊन राहिला, पाऊसकाळाच्या आत बदलावं लागंल."

मला तो जड आवाज काही ऐकू येत नाही. अजूनही गाडी माझ्या कानाला गप्पच चालते. ती डबी मी इथं टेबलावर, या कागदांशेजारी ठेवली आहे. शकीलभाईला बोलावलंय, तो येऊन बसवून देईल. डबीवर भानुदासनं पेन्सिलीनं, कुणाच्या गाडीचं ते विसरू नये म्हणून, एक शब्द लिहून ठेवलाय: 'गूरूजी'. दोन्ही उकार दीर्घ. तीस वर्षं लाल पेनानं मी या चुका गोल केल्या, आणि मघापासून तो शब्द बघत बसलोय. त्यात मला एकही चूक दिसत नाही.